दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईचं व्हिटॅमिन डी ९ कसं? आयटीपीवाल्यांनी सांगावं

पऱ्हाटीवाला:
नमस्कार मंडळी, दारव्हा तालुक्यातून लिहून राह्यलो, मोबाईलवर टाईप करतो तं चुका सांभाळून घ्या. माह्या घरचीले, वय ३८, पोळ्याच्या सुमारास पायावर लाल बारीक ठिपके उठले. आधी वाटलं गवतात काही चावलं असन, सोयाबीनात निंदण चालू होतं, मंग दात घासताना हिरड्यातून रक्त आणि पाळी तं थांबेच ना, तवा तालुक्याले रक्त तपासलं तं प्लेटलेट १४ हजार. डेंग्यू निगेटिव्ह. तिथून यवतमाळ, तिथून नागपूर, शेवटी सांगतलं का आयटीपी आहे, म्हणजे शरीरच आपल्या प्लेटलेट खाऊन राह्यलं. स्टिरॉइड सुरू केलं तं ६० च्या वर गेल्या, डोस कमी करत आणला का पुन्हा ३०-३५ वर येतात.

आता मुद्दा. मागच्या खेपेले डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी तपासाले लावलं, रिपोर्ट आला ९.२. मी म्हटलं लॅबवाल्यानं कोणाचा तरी दुसऱ्याचाच रिपोर्ट देला. अहो बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात, वऱ्हाडचं ऊन म्हणजे काही महाबळेश्वरचं ऊन नाही, तिचं डी कमी कसं होईन? साळ्यानं व्हिडिओ पाठवला, त्यात म्हणते डी कमी झालं म्हूनच शरीर स्वतःवर उलटते, डी भरा आणि स्टिरॉइड फेकून द्या. मेडिकलवाला म्हणते डीची साठ हजार युनिटची पुडी पंधरा दिवस रोज घ्या. गावातले डॉक्टर म्हणतात सहा लाख युनिटचं एकच इंजेक्शन कमरेत मारून देतो, पुड्यांची झंझटच नाही. नागपूरच्या डॉक्टरांची तारीख अजून लांब आहे. तवपर्यंत काय करू? कोणाच्या घरी असं झालं असन तं सांगा.

सावजी_रस्सा:
भाऊ पपईच्या पानाचा रस द्या, आमच्या गल्लीत डेंग्यूत सगळ्यांच्या प्लेटलेट त्यानंच वाढल्या. वरून गुळवेलाचा काढा. आणि बकऱ्याचे पाये शिजवून तो रस्सा, हाडाले हाड लागते.

झाडीची_लेक:
रस्सा भाऊ, डेंग्यूत प्लेटलेट ताप उतरल्यावर चार-सहा दिवसात आपोआपच वर येतात, मग तुम्ही पपईचं पान द्या नाहीतर पळसाचं. आयटीपीचं तसं नसते, वर्षानुवर्ष चालते मोठ्या माणसात. मी स्वतः पेशंट आहे, गोंदियाकडली, बरेच वर्ष झाले, स्टिरॉइड, मग एल्ट्रोम्बोपॅग म्हणजे प्लेटलेट वाढवायची गोळी, सगळं करून बसली.

पऱ्हाटीवाले दादा, पहिली गोष्ट. ते कमरेतलं इंजेक्शन घेऊ नका. डी चं असो का दुखण्याचं असो. प्लेटलेट ३० हजार असताना स्नायूत सुई मारली का आत रक्त साकळते, मला एकदा दंडात मारलं होतं तर कोपरापर्यंत काळंनिळं झालं आणि हात उचलता येईना. बाकीचं डॉक्टर लोक सांगतील पण हे आजच घरच्यांना सांगून ठेवा, कारण तुम्ही वावरात गेले का कोणीतरी दवाखान्यात नेऊन मारून आणते.

पऱ्हाटीवाला:
ताई बरं झालं सांगतलं. उद्याच जाणार होतो.

लॅबवाला_वर्धा:
रिपोर्टवर शंका आली ते चांगलंच, पण आधी हे बघा की रिपोर्टवर नेमकं काय लिहिलंय. २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी असं पाहिजे. दुसरी एक टेस्ट असते १,२५ डायहायड्रॉक्सी, ती महाग पण असते आणि साठा किती आहे ते तिच्यातून कळत नाही, कमतरता असूनही ती नॉर्मल येऊ शकते. मग युनिट बघा. नॅनोग्रॅम प्रति मिलि असेल तर ९ म्हणजे खरंच कमी, नॅनोमोल प्रति लिटर असेल तर त्याला अडीचनं भागायचं म्हणजे तो आकडा तर आणखीनच खाली जातो. आपल्याकडच्या बहुतेक लॅब नॅनोग्रॅमच देतात.

रेंजचं सांगायचं तर लॅबच्या कागदावर ३० ते १०० छापलेलं असतं, आणि २५ आलं तरी लोक घाबरून येतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०११ मध्ये २० च्या वर असलं की बहुतेकांच्या हाडाला पुरतं असं सांगितलं, १२ च्या खाली खरी कमतरता. त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीनं, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेनं, ३० चा आकडा दिला आणि तोच सगळीकडे छापला गेला. २०२४ च्या नव्या गाईडलाईनमध्ये त्याच सोसायटीनं ३० चा आग्रह सोडला, आणि धडधाकट माणसाची उगाच टेस्ट करू नका असंही म्हटलं. पण तुमच्या घरचं ९ आहे, ते कोणत्याही हिशेबानं कमीच आहे, आणि स्टिरॉइड चालू आहे म्हणजे टेस्ट लावली ती बरोबरच लावली.

अजून एक, विषय थोडा वेगळा आहे पण सांगून ठेवतो. प्लेटलेट मशीनवर कमी आल्या की सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघितली का ते विचारायचं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, काही लोकांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटून गोळे होतात, मशीन गोळा मोजत नाही आणि रिपोर्ट येतो २० हजार. माणूस ठणठणीत असतो. तुमच्या घरी तर रक्तस्राव होता म्हणजे ते नव्हे.

गुरुजी_अकोट:
आता उन्हाचं मी सांगतो, निवृत्त झालो असलो तरी भूगोल सुटला नाही.

आपल्याकडे प्रत्येक जण सांगतो की सकाळचं कोवळं ऊन घ्या, त्यात डी असतं. कोवळ्या उन्हात ऊब असते, डी जवळजवळ नसतं. कातडीत डी तयार व्हायला जे अतिनील बी किरण लागतात ते सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरात गळून जातात. साधी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पाहिजे. आता आपल्या अक्षांशावर म्हणजे साधारण २१ अंशावर हिशेब करा. मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारासच सावली उंचीच्या खाली येते, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात तर नागपूर-अकोल्याकडे दुपारी सावली पायाखालीच, शून्य सावली. पण डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी बाराला सुद्धा सावली जवळजवळ माणसाएवढीच असते. म्हणजे हिवाळ्यात शेकोटीवरून उठून सकाळी आठला अंगणात बसलेला माणूस ऊन खातो खरा, पण डी त्याला मिळत नाही.

काचेतूनही ते किरण येत नाहीत, खिडकीत बसून उपयोग नाही.

आता वहिनींचं. त्या वावरात असतात ते खरं, पण कशा असतात ते डोळ्यासमोर आणा. डोक्यावरून चेहऱ्यावर गुंडाळलेला दुपट्टा, वरून मालकाचा जुना फुल शर्ट, हातात पायमोजे कापून घातलेले, पायात गोणपाट नाहीतर मोजे. कापूस वेचणाऱ्या बाईचं उघडं काय असतं, डोळे आणि बोटांची टोकं. आणि तसं झाकून घ्यावंच लागतं, नाहीतर पऱ्हाटीची बोंडं हात सोलून काढतात आणि ऊनही मारून टाकतं. त्यात आपला रंग सावळा, गोऱ्या माणसापेक्षा आपल्याला जास्त वेळ लागतो.

पऱ्हाटीवाला:
गुरुजी तुमी तं आमच्या वावरातच उभे राहून लिहिलं जसं. माह्याच जुन्या शर्टात असते. आणि आता बिमार झाल्यापासून तिले घरच्यांनी वावरात जाऊच देलं नाही, मार लागन म्हून. म्हणजे पोळ्यापासून घरातच.

पुण्यात_अडकलेला:
मूळचा मी वणीचा. तुमच्या साळ्याच्या व्हिडिओत जे आहे ते अगदीच हवेतलं नाही, पण अर्धंच आहे. डी हे नुसतं हाडाचं व्हिटॅमिन नाही, ते हार्मोनसारखं काम करतं, टी पेशी, बी पेशी या रोगाशी लढणाऱ्या पेशींवर त्याचे रिसेप्टर असतात. अमेरिकेत व्हायटल नावाची मोठी ट्रायल झाली, २५,८७१ लोक, ५० च्या वरचे पुरुष आणि ५५ च्या वरच्या बायका, अर्ध्यांना रोज २००० युनिट डी आणि अर्ध्यांना खोटी गोळी, साधारण पाच वर्ष. २०२२ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलं की डीवाल्यांमध्ये ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीर स्वतःवर उलटण्याचे आजार, २२ टक्क्यांनी कमी निघाले. व्हिडिओवाले एवढंच सांगतात. मोजून बघा, जवळपास तेरा-तेरा हजारांच्या दोन गटांत एकीकडे १२३ लोकांना आजार झाला, दुसरीकडे १५५. आणि हे सगळे आधी आजार नसलेले लोक होते. ज्याला आजार झालेलाच आहे त्याला डी देऊन तो बरा झाला, हे त्या ट्रायलनं तपासलंच नव्हतं. त्यात मुख्य आजार संधिवात, थायरॉइड, सोरायसिस वगैरे, आयटीपीवरून त्यात काही ठरत नाही.

आयटीपीत डी कमी सापडतं असे छोटे छोटे अभ्यास आहेत. पण आजारी माणूस घरात बसतो, स्टिरॉइड घेतो, कमी खातो, म्हणून डी कमी झालं की डी कमी होतं म्हणून आजार झाला, हे एकदाच रक्त काढून कसं कळणार? २०१३ मध्ये दोन पेशंटची एक केस छापून आली होती, डीचा मोठा डोस दिला आणि प्लेटलेट वाढल्या, नेटवर तीच फिरते. पण त्या दोघांना सोबत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन पण चालू होतं, आणि ते औषध स्वतःच काही आयटीपीवाल्यांना लागू पडतं.

सावजी_रस्सा:
म्हणजे डी घ्यायचं का नाही ते सांगा ना राव, बीएमजे आणि फीएमजे

ओपीडी_नंबर_तीन:
घ्यायचं. पण कशासाठी घेतोय ते डोक्यात पक्कं ठेवून घ्यायचं. उशिरा आले, आज ड्यूटी होती. मी नागपुरात मेडिसिनला आहे, ही ऑनलाईन तपासणी नाही, तुमच्या डॉक्टरांकडे कागद आहेत, शेवटचा शब्द त्यांचा.

पऱ्हाटीवाले भाऊ, वहिनींचं डी भरून काढायचं ते मुख्यतः हाडासाठी. स्टिरॉइड आतड्यातून कॅल्शियम कमी शोषू देतं, लघवीतून जास्त जाऊ देतं आणि हाड बनवणाऱ्या पेशींना झोपवतं, हे पहिल्या काही महिन्यांतच सुरू होतं. म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिवसाला अडीच मिलिग्रॅम जरी असलं आणि तीन महिन्यांच्या वर जाणार असलं तरी अन्नातलं धरून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० ते ८०० युनिट डी मिळालं पाहिजे असं अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते. हे झालं ज्याचं डी बरं आहे त्याचं. ज्याचं ९ आहे त्याचा खड्डा आधी भरावा लागतो, त्यासाठी आपल्याकडे साधारण साठ हजार युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असं देतात आणि मग रोजचा छोटा किंवा महिन्याचा डोस.

आठवड्यातून. रोज नाही. हे मी मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिते आहे कारण पुडीवर कुठे रोज-आठवडा मोठ्या अक्षरात नसतं आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळते. निरोगी प्रौढासाठी रोजची वरची मर्यादा ४००० युनिट धरतात, रोज पुडी म्हणजे त्याच्या पंधरापट. डी चरबीत विरघळतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, साठतं. मग रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, खूप तहान, खूप लघवी, माणूस बरळायला लागतो, किडनी बसते. असे पेशंट वॉर्डात येतात, आणि बहुतेकांनी पुडी "ताकदीची" म्हणून खाल्लेली असते. मुतखडा झालेला असेल, किडनीचा त्रास असेल, बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायाझाइडसारखी लघवीची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, कॅल्शियम बघूनच द्यायचं.

प्लेटलेटसाठी डी हे औषध नाही. त्यांचा निर्णय वेगळा आहे. मोठ्या माणसात ३० हजारांच्या वर असतील आणि रक्तस्राव नसेल तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात, औषध देत पण नाहीत. म्हणजे ३०-३५ वर येतात म्हणून तुम्ही रात्र रात्र जागू नका. पण स्टिरॉइड आपल्या मनानं एकदम बंद, हे कधीच नाही, काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं, एकदम सोडलं तर बीपी पडून माणूस कोसळतो. साळेबुवांना हे वाचायला द्या.

एक विचारते. त्यांना उकिडवं बसून उठताना त्रास होतो का? मांड्या, कंबर, बरगड्या दाबल्यावर दुखतात का?

पऱ्हाटीवाला:
मॅडम होते ना. चुलीपुढून उठताना भिताडाले हात लावते. आमाले वाटलं कमजोरी आहे रक्त गेल्यानं. सासू म्हणते टॉनिक आणा.

ओपीडी_नंबर_तीन:
हे डॉक्टरांना नक्की सांगा, फोनवर का होईना. डी खूप खाली गेलं की हाडं मऊ पडतात आणि मांड्या-खांद्याचे स्नायू कमजोर होतात, आणि स्टिरॉइडनंही नेमके हेच स्नायू जातात. दोन्ही एकत्र असू शकतं. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज एवढ्या साध्या टेस्टमधून बराच अंदाज येतो. रक्त गेलंय म्हणजे हिमोग्लोबिन आणि लोह पण बघायचं आहेच. बी१२ पण, आपल्याकडे शाकाहारी घरात ते कमी असतं आणि तेही फार कमी झालं तर प्लेटलेट खाली येतात.

आणि दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, अॅस्पिरिन काही नको, त्यानं उरलेल्या प्लेटलेटचं कामही मंदावतं. पॅरासिटामॉल चालतं.

सावजी_रस्सा, गुळवेलाबद्दल. इथे तर आजारच इम्यूनिटी भलतीकडे पेटल्याचा आहे, तिला अजून चेतवायचं कशाला? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापल्या, त्यात ऑटोइम्यूनची प्रवृत्ती असलेले होते. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नव्हतं, तो वाद आहे, पण आयटीपीच्या पेशंटला मी तरी काढा देऊ देणार नाही. पाये खा, त्याला ना नाही.

सावजी_रस्सा:
चला पाये तरी वाचले 😄

मेळघाट_रातवा:
धारणीकडून विचारतोय. आमच्या भागात सिकलसेल भरपूर आहे, माझ्या भाच्याला आहे. तो पण रक्ताचा आजार, त्याला पण हाडं दुखतात. मग त्याला हे सगळं लागू होते का? त्याला पण डी द्यायचं?

ओपीडी_नंबर_तीन:
सिकलसेल ऑटोइम्यून नाही, तो जन्मतः आईबापाकडून जीन्समधून आलेला असतो, शरीर उलटण्याचा प्रश्न त्यात नाही. पण डी कमी असणं त्यांच्यात पण खूप दिसतं, तेव्हा तपासून द्यावं. फक्त त्याची हाडदुखी डीची आहे असं धरून घरी बसू नका, क्रायसिस, म्हणजे सिकलसेलचीच अचानक उठणारी जोराची कळ, असू शकते, ताप असेल तर तर लगेच दवाखाना. त्याची फोलिक अॅसिड आणि हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का ते बघा.

आणि धाग्यात नाव निघालंच आहे तर सांगते, ऑटोइम्यून रक्ताचा दुसरा मोठा आजार म्हणजे ज्यात लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन धाडकन पडतं, डोळे पिवळे होतात, लोक कावीळ समजून झाडपाला घेत बसतात. कूम्ब्स टेस्टनं कळतो. त्यातही स्टिरॉइड लागतं, म्हणून हाडाचं गणित तेच.

पुण्यात_अडकलेला:
मॅडम, "शरीर उलटतं" हे कसं कळलं त्याची गोष्ट भारी आहे, सांगू का? थोडं विषयांतर होईल. अमेरिकेत सेंट लुईसला हॅरिंग्टन नावाचा तरुण डॉक्टर होता, त्याला संशय की आयटीपीवाल्यांच्या रक्तातच काहीतरी आहे. १९५० मध्ये त्यानं एका पेशंटचं रक्त स्वतःलाच चढवून घेतलं. काही तासांत याच्या स्वतःच्या प्लेटलेट तळाला गेल्या, अंगावर ठिपके उठले, काही दिवसांनी परत वर आल्या. १९५१ मध्ये छापलं. तोपर्यंत आजाराच्या नावातच "इडिओपॅथिक" होतं, म्हणजे कारण माहीत नाही. २००९ मध्ये तज्ज्ञांनी बसून ते "इम्यून" केलं.

सावजी_रस्सा:
आणि आमाले घरचे म्हणतात सुई टोचून घे तं आम्ही पळतो

कोऱ्या_चहाचा_भक्त:
पहिल्यांदाच लिहितोय, उमरेडकडून. मला आयटीपी आहे, सोबत ल्युपस पण निघाला, तोही शरीर स्वतःवर उलटण्याचाच आजार, त्याची एएनए नावाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह. माझं डी १३. वरती गुरुजींनी उन्हाचं एवढं छान सांगितलं, मी उद्यापासून अकराला गच्चीवर बसू का?

झाडीची_लेक:
थांबा थांबा दादा, ल्युपस असेल तर ऊन नका घेऊ!

ओपीडी_नंबर_तीन:
झाडीची_लेक बरोबर आहे. ल्युपसमध्ये तेच अतिनील किरण आजार भडकवतात, नुसता चेहऱ्यावरचा चट्टा नाही, सांधे, किडनीपर्यंत जाऊ शकतं. तुम्ही झाकूनच राहायचं आणि डी तोंडानं घ्यायचं. म्हणूनच आयटीपी नवीन निघाला की एएनए करतात. पऱ्हाटीवाले, तुमच्याकडे एएनए झालं असेल तर बघा काय आलं, त्यावर ऊन घ्यायचं का ते ठरेल.

पऱ्हाटीवाला:
निगेटिव्ह लिहिलं आहे. माह्या वहिनीनं फोटो पाठवला.

गुरुजी_अकोट:
मग ऊन घेऊ दे, पण मे-जूनात अकराला नको, उष्माघातानं जाईल माणूस. उन्हाळ्यात नऊ-साडेनऊ, हिवाळ्यात बारा-एक, हात कोपरापर्यंत आणि पाय पोटऱ्यांपर्यंत उघडे, थोडा वेळ, आठवड्यातून तीन-चारदा. कातडी लाल होईपर्यंत बसायचं नाही. पण ९ वरून वर यायला नुसतं ऊन पुरणार नाही असं मॅडमच्या बोलण्यावरून दिसतं.

आशावर्कर_दिग्रस:
मी खाण्याचं सांगते कारण बाया मलाच विचारतात. ज्वारीच्या भाकरीत, तुरीच्या वरणात, भाजीत डी नाही, काहीही केलं तरी नाही. अंड्याच्या बलकात आहे पण एका अंड्यात ४० युनिटच्या आसपास, म्हणजे ८०० साठी वीस अंडी. मासे खाणाऱ्याला थोडं मिळते पण आमच्याकडे तलावाचे मासे पावसाळ्यातच दिसतात. पाकिटाच्या दुधावर आणि तेलाच्या पाकिटावर निळा प्लस एफ असा शिक्का असते, त्यात ए आणि डी टाकलेलं असते, पण घाणीवरचं सुटं तेल आणि घरच्या म्हशीचं दूध असेल तर त्यात वरून टाकलेलं काही नाही. घरच्या दुधातून कॅल्शियम मात्र चांगलं मिळते. तीळ, नाचणी, शेवगा, राजगिरा यातून पण कॅल्शियमच, डी नाही. लोक दोन्ही एकच समजतात. मेडिकलमधली ती मोठी पांढरी गोळी, कॅल्शियम ५०० आणि त्यात डी २५० असं लिहिलेलं असते, ती घेऊन लोकांना वाटते डी झालं. तेवढ्यानं ९ चं २० व्हायला जमाना लागेल.

पुडी जनऔषधीत स्वस्तात मिळते, तालुक्याला गेलात तर तिथून घ्या. जेवणानंतर घ्यायची, उपाशी नाही, जेवणात थोडं तूप-तेल असलं तर चांगली लागते. आणि एक करा, वार ठरवा. मी माझ्या पेशंटना बाजाराच्या वारी सांगते, म्हणजे विसरत नाही आणि दोनदा पण होत नाही.

पऱ्हाटीवाला:
आमचा बाजार रविवारी. सांगतो तिले.

मंडळी, काल नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. पुडी आठवड्यातून एकच म्हणाले, इंजेक्शन नकोच. उकिडवं बसण्याचं सांगतलं तं कॅल्शियम, फॉस्फरस आणि अजून दोन टेस्ट व्हाट्सअॅपवर लिहून पाठवल्या, यवतमाळलेच करून घ्या म्हणाले. कॅल्शियमची गोळी रोज रात्री. आणि पुढच्या खेपेले स्टिरॉइड कमी करून एल्ट्रोम्बोपॅग लावायचा विचार आहे म्हणाले. झाडीची ताई तुमी तेच घेता ना? महाग आहे म्हणतात, आणि त्याचं खाण्यापिण्याचं काही पथ्य आहे का? आमच्याकडे दूध घरचं आहे, सकाळी उठल्या उठल्या दुधाचा चहा लागते तिले, आणि दुपारी ताक.

झाडीची_लेक:
हो घेते. पथ्य आहे आणि तेच लोक चुकतात. ही गोळी कॅल्शियम, लोह, झिंक, अॅसिडिटीचं पातळ औषध असल्या सगळ्यांना पोटातच चिकटते आणि मग अंगी लागत नाही. लोक म्हणतात औषध लागू नाही पडलं, आणि वरून रोज ताकासोबत घेऊन राहिले. नियम असा, गोळी घेतल्यावर दोन तास यातलं काही नाही, आणि यातलं काही खाल्लं असेल तर चार तास थांबून मग गोळी. दूध, दही, ताक, पनीर, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, सगळं यात आलं. तुमच्या घरी कॅल्शियम आणि कदाचित लोह पण चालू राहील, म्हणून आधीच वेळ बांधून घ्या.

माझं असं आहे, पहाटे सहाला गोळी पाण्यासोबत. आठनंतर दुधाचा चहा, नाश्ता. दुपारी दही-ताक बिनधास्त. कॅल्शियम रात्री जेवणासोबत. डीची पुडी मात्र दुपारच्या जेवणानंतर, डीचं या गोळीशी भांडण नाही, भांडण कॅल्शियमचं आहे. लिव्हरची टेस्ट मधून मधून करावी लागते, ती टाळू नका. भारतीय कंपन्यांची निघाल्यापासून किंमत उतरली आहे पण स्वस्त नाहीच म्हणता येणार, दोन-तीन दुकानी विचारून घ्या, एकाच गोळीच्या भावात बराच फरक असते.

लॅबवाला_वर्धा:
डी पुन्हा कधी तपासायचं ते पण सांगून ठेवतो, कारण लोक पंधरा दिवसांनी परत येतात आणि हजार-बाराशे घालवतात. रक्तातली पातळी हळू बदलते, तीन महिन्यांच्या आत तपासून काही कळत नाही. शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, प्रत्येक मशीनचा आकडा थोडा इकडेतिकडे असतो.

कोऱ्या_चहाचा_भक्त:
झाडीची ताई, पहाटे सहाला गोळी घेतल्यावर आठपर्यंत चहाशिवाय कसं राहता? मला पण हीच गोळी लिहून दिली आहे.

झाडीची_लेक:
तुमचं नावच उत्तर आहे की दादा. कोरा चालते, दूध नाही घालायचं फक्त. सोबत साधे मुरमुरे खाते मी, पोट बिघडत नाही.

पऱ्हाटीवाला:
हिले कोरा चहा म्हणजे काढा वाटते. विचारलं तं म्हणते मंग गोळी चारलेच घेते, गाई-म्हशीच्या वक्ताले उठतेच मी. मॅडम, पहाटे चारले घेतली तं चालन ना?

ओपीडी_नंबर_तीन:
चालेल. रोज तीच वेळ ठेवा म्हणजे झालं. आणि धार काढताना म्हैस लाथ मारणारी असेल तर ते काम सध्या दुसऱ्या कोणाला द्या.